जुना बुद्धिबळाचा संच घेताना



बुद्धिबळ कसे खेळावे हे आज सांगायचे नाही. आज बोलायचे आहे ते मोहऱ्यांविषयी; म्हणजे जुने म्हणून विकल्या जाणाऱ्या मोहऱ्यांविषयी.

ठाणे, कल्याण, डोंबिवली घ्या, नाहीतर शहापूर-मुरबाडकडचे एखादे खेडे घ्या. फोनवर चार वेळा बोट फिरवले की जुनी वस्तू घरपोच मिळते. समजा, बुद्धिबळाचे वेड असलेल्या एका गुरुजींनी जाहिरात पाहिली: 'शंभर वर्षांपूर्वीचा अस्सल इंग्रजी संच. एकच शिल्लक.' किंमत महिन्याच्या पगाराएवढी. गुरुजींनी काय करावे?

पहिली गोष्ट ही, की घाटावरून वय ठरत नाही. आज सर्वत्र दिसतो तो मोहऱ्यांचा घाट लंडनमध्ये १८४९ साली नोंदवला गेला. जेक्स नावाच्या कारखान्याने ते मोहरे बनवले आणि हॉवर्ड स्टाँटन या नामांकित खेळाडूचे नाव त्यांना पडले. आपल्या शाळेतले प्लॅस्टिकचे मोहरेही त्याच घाटाचे! आणि आपल्याच देशात, अमृतसरला, कारागीर त्या जुन्या संचांच्या सुरेख प्रतिकृती करतात. घोड्याचे तोंड हाताने कोरायचे म्हणजे काही सोपे काम नाही. प्रतिकृती करणे हा गुन्हा नव्हे बरे का! प्रतिकृती म्हणून सांगून विकली तर तो सचोटीचा धंदा. तीच शंभर वर्षांची म्हणून विकली, तर ती फसवणूक.

मग पारख कशी करायची? जेक्सच्या राजाच्या बैठकीवर कारखान्याचे नाव ठसवलेले असे. पण ठसा आजही मारता येतो, म्हणून केवळ ठशावर भिस्त ठेवू नका. मोहरा उलटा करून काढलेले छायाचित्र मागा. लाकूड वर्षानुवर्षे सुकताना सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. त्यामुळे लेथवर गोल काढलेली बैठक किंचित लांबट होते. विकणाऱ्याला ती दोन्ही बाजूंनी मोजायला सांगा. जिथे बोटे लागतात तिथे लाकूड गुळगुळीत झालेले असते, खाचांत मळ बसलेला असतो. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग दिसला, तर तो काळाने चढला की कोणी चढवला, हे विचारा. काळ्या मोहऱ्याच्या ओरखड्यातून पांढरट लाकूड दिसले, तर तो आबनूस नव्हे, रंगवलेले लाकूड आहे. रंगवलेले जुने संचही असतात. पण मग त्याची किंमत आबनुसाची नको. वजनासाठी जुन्या मोहऱ्यांत शिसे भरत. लोहचुंबक चिकटले तर संशय घ्या. चिकटले नाही, म्हणजे मोहरा जुनाच, असे मात्र समजू नका. एकेका खुणेवर निकाल देऊ नये. चार खुणा मिळून साक्ष देतात.

जाहिरातीतले शब्दही नीट वाचा. 'जुन्या धर्तीचा', 'पुरातन शैलीचा' म्हणजे जुना नव्हे. संच केव्हाचा, कोणत्या लाकडाचा, कोणता मोहरा मागाहून घातलेला, हे लेखी मागा.

आणखी एक प्रश्न विचारा. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे कलाकुसरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा व्यापाऱ्याला सरळ म्हणा, 'आपला परवाना दाखवा.' संच खरोखर शंभर वर्षांचा म्हणणारा परवान्याचे नाव काढताच 'नक्की सांगता येत नाही' म्हणू लागला, तर काय समजायचे ते समजा.

हस्तिदंती संचाच्या वाटेला तर जाऊच नका. भारतात त्याचा व्यापार बंद आहे; परदेशातून आणलेल्या हस्तिदंताचाही, १९९१ च्या दुरुस्तीपासून. घरात आजोबांच्या वेळचा असा संच असेल, तर विकण्याच्या भानगडीत न पडता वनविभागाकडे विचारणा करा.

पैसे परस्पर कोणाच्या खात्यात भरू नका. पार्सल उघडतानाचे चित्रण करून ठेवा. दुकानदाराने खोटे सांगून माल गळ्यात मारला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. पैसे घेऊन माणूसच नाहीसा झाला, तर ताबडतोब १९३०.

आता उलट बाजू पाहा. तुमच्याच माळ्यावर एखादा लाकडी संच पडलेला असेल. दारी आलेला माणूस म्हणेल, 'हा तर नकली आहे, शंभर रुपये घ्या.' लगेच देऊ नका. वर सांगितलेल्या खुणा तिथेही लावून पाहा. डोळा तयार करायचा असेल, तर कल्याणहून गाडीने भायखळ्याला जा. तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या कारागिरीच्या वस्तू पाहता येतील. गुरुजींनी मुलांनाही बरोबर न्यावे.

आणि केवळ खेळायचे असेल, तर अमृतसरचा नवा संच नवा म्हणून घ्या. नव्या घोड्याची चालही अडीच घरांचीच असते.