बॉम्ब पडले, पण लढाई नाही

इराणमधल्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकण्याआधी ट्रम्प यांनी काँग्रेसला विचारलं का नाही, यावर आठवडाभर खल झाला. २७ जून २०२५ रोजी, इराणवरच्या पुढच्या हल्ल्यांसाठी काँग्रेसची संमती मागणारा सिनेटर टिम केन यांचा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला आणि खलही आटोपला. तसा ठराव जिंकला असता तरी ट्रम्प अडले नसते. २०१९ मध्ये येमेनवरून आणि २०२० मध्ये याच इराणवरून आलेले ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केले होते. ट्रम्प यांनी दोन्ही नकाराधिकारात गुंडाळले. नकाराधिकार मोडायला दोन्हीकडे दोनतृतीयांश मतं लागतात. म्हणजे लढाई चालू ठेवायची तर अध्यक्षाने एका सभागृहात एकतृतीयांशाहून थोडी जास्त मतं सांभाळली की भागतं. घटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, तो असा!

अध्यक्षाच्या युद्धाधिकारांवरचा १९७३ चा कायदा म्हणतो, सैन्य ‘हॉस्टिलिटीज’मध्ये उतरवलं की ४८ तासांत कळवा, संमती नसेल तर ६० दिवसांत थांबा. पण ‘हॉस्टिलिटीज’ म्हणजे काय, हे कायदा सांगतच नाही.

इथे आठवतात हॅरॉल्ड कोह. येलच्या लॉ स्कूलचे माजी डीन. गुपचूप शस्त्रविक्रीच्या इराण-काँट्रा प्रकरणानंतर, १९९० मध्ये, अध्यक्षांच्या बेलगाम अधिकारांविरुद्ध पुस्तक लिहिणारे. २०११ मध्ये ते ओबामांच्या परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार होते. लिबियावरचे हल्ले १९ मार्चला सुरू झाले, कळवल्यापासूनची ६० दिवसांची मुदत २० मे रोजी संपली, हल्ले चालूच. पेंटागॉनचे आणि न्याय खात्याचे वरिष्ठ वकील कायद्यावर बोट ठेवत होते. कोह मात्र सिनेटच्या समितीसमोर म्हणाले, आपलं सैन्य जमिनीवर नाही, आपला कोणी दगावला नाही, समोरासमोर सतत गोळीबार नाही. तेव्हा या ‘हॉस्टिलिटीज’ नव्हेत. ज्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होते, त्यांना कुणी विचारलं नाही. कोह यांना ढोंगी म्हणून मोकळं होता येईल, पण मला जास्त राग त्यांच्यासमोर बसलेल्या सिनेटरांचा येतो. व्याख्या लिहिण्याचं काम त्यांचं होतं आणि ते आजही झालेलं नाही.

१९७३ मध्ये याच कायद्यावरचा निक्सन यांचा नकाराधिकार मोडताना प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५ मतं पडली होती. त्याच सभागृहाचे सभापती असलेल्या माइक जॉन्सन यांनी जून २०२५ मध्ये तो कायदाच घटनाबाह्य असल्याचं मत दिलं.