वास, बटण आणि साबणाचे पाणी

टिळकवाडीतील आमच्या घरी नळाचा गॅस येऊन फार दिवस झाले नाहीत. गेल्या पावसाळ्यात एके पहाटे आजी चहा टाकावयास उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. कुजक्या कोबीसारखा वास येत होता. सवयीने तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तो मी वेळीच धरला.

मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास आला की बटण चालू करू नये हे आपणा सर्वांना ठाऊक असते. पण चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी उडते. आम्ही अंधारातच मीटरजवळचा कॉक आडवा केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि अंगणात येऊन मीटरवर लिहिलेल्या क्रमांकावर फोन लावला. (सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.)

आई मात्र त्या गडबडीतही पदराने जमिनीलगतची हवा बाहेर लोटीत होती! ही सिलिंडरच्या दिवसांतील सवय. सिलिंडरमधील प्रोपेन-ब्यूटेन हवेहून जड, म्हणून खाली साचतात. नळातून येणारा मिथेन हलका; तो छताकडे जातो. त्याला वरचा झरोका उघडा हवा, आणि आमच्या झरोक्याला पावसाची झड येऊ नये म्हणून पुठ्ठा ठोकलेला. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा 5 ते 15 असेल तर एक ठिणगी पुरते.

फिटर कन्नडभाषी होता. दारातूनच ओरडला, "स्विच मुट्टब्याड्री!" आजीला कन्नड येत नाही, पण 'स्विच' एवढे कळले. त्याने प्रत्येक सांध्याला ब्रशने साबणाचा फेस लावला. शेगडीमागे, क्लिपेजवळ, बुडबुडे फुगू लागले. रबरी नळीला केसाएवढी चीर होती. दोष आमचाच; शेगडी सरकवताना नवी नळी अपुरी पडली म्हणून सिलिंडरच्या वेळची जुनी जोडली होती. अशा नळीचे आयुष्य पाच वर्षे. छापलेली तारीख पाहिली तर सात वर्षे उलटलेली! वर्गात आम्ही यंत्रांचा घसारा काढतो, नळीचा कोणी काढला नव्हता.

नवी नळी बसवून त्याने पुन्हा फेस लावला. मग पाणी भरलेली काचेची नळी जोडून दाब पाहिला. पाण्याची पातळी दहा मिनिटे हलली नाही, तेव्हाच त्याने शेगडी पेटविण्यास परवानगी दिली. पहिला चहा त्यालाच मिळाला.