भूमिकाखेळांतील नियमांची एकरूपता : खेळाडू-पात्रे आणि सूत्रधार-पात्रे

फासे, कागद आणि संभाषण एवढ्याच सामग्रीवर चालणाऱ्या भूमिकाखेळात मेजाभोवतीचा प्रत्येक खेळाडू एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो. उरलेले सर्व जग, म्हणजे पहारेकरी, व्यापारी, राजे, दरोडेखोर आणि राक्षस, सूत्रधाराच्या स्वाधीन असते. पहिल्या वर्गास खेळाडू-पात्रे व दुसऱ्यास सूत्रधार-पात्रे असे येथे म्हटले आहे. ह्या दोन्ही वर्गांना एकच नियम लागू असावेत काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः न्याय, श्रम आणि कल्पित जगाची विश्वसनीयता ह्या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत.

प्रश्नाचे मूळ युद्धखेळात सापडते. प्रशियात इ. स. १८२४ मध्ये राइसविट्झ ह्या अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन पक्ष परस्परांविरुद्ध डावपेच लढवीत आणि पंच फासे व कोष्टके ह्यांच्या आधारे निकाल देई. दोन्ही सैन्ये खेळाडूंचीच असल्यामुळे नियमांची एकरूपता तेथे गृहीतच होती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि ही स्थिती पालटली. येथे सर्व खेळाडू एका बाजूस असतात. प्रतिपक्ष चालविणारा आणि निकाल देणारा पुरुष एकच. पंचाने स्वतःच्या पक्षास वेगळे नियम लावावेत काय, ही शंका ह्या दुहेरी भूमिकेतून उत्पन्न होते.

पुढील खेळांनी ह्या शंकेची भिन्न उत्तरे दिली. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ मध्ये माणसाप्रमाणेच राक्षसालाही बल, चापल्य इत्यादी गुण एकाच मापाने दिलेले होते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने हे तत्त्व पुष्कळ पुढे नेले. राक्षसांनाही गुणांक, कौशल्ये आणि विशेष सिद्धी मिळाल्या, व त्यांची गणना खेळाडू-पात्रांच्याच पद्धतीने होऊ लागली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने दिशा बदलली आणि प्रतिपक्षाची पात्रे त्यांच्या लढाईतील कार्यानुसार स्वतंत्र रीतीने घडविली. २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ मध्ये तर सूत्रधार आपल्या पात्रांसाठी फासे टाकीतच नाही. त्याच्या कृतींचे नियमच निराळे आहेत.

एकरूपतेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, नियम हे कल्पित जगाचे निसर्गनियम होत. शत्रूच्या मांत्रिकाने वापरलेली विद्या खेळाडूच्या मांत्रिकास कधीच शिकता येत नसेल, तर त्याचे कारण जगात असावयास हवे; केवळ पुस्तकात असून भागत नाही. विरोधी पक्ष श्रमाकडे बोट दाखवितो. खेळाडू एकच पात्र महिनोन्‌महिने बाळगतो. सूत्रधारास एका बैठकीसाठी अनेक पात्रे सिद्ध करावी लागतात, आणि त्यांतील कित्येक दोन-चार फेऱ्यांतच नाहीशी होतात. ज्याचा उपयोग कधी होणारच नाही, अशा कौशल्यांची बेरीज करण्यात त्याची संध्याकाळ जावी, हे समर्थनीय नाही.

हा वाद मिटत नाही, ह्याचे कारण ‘एकरूपता’ ह्या एका शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली रचना, म्हणजे पात्र कसे घडविले जाते. दुसरी निर्णय, म्हणजे कृतीचे फळ कसे ठरते. तिसरी इच्छा, म्हणजे पात्र काय करू इच्छिते हे कोण ठरविते.

इच्छेच्या बाबतीत भेद स्वाभाविक आहे. १९८१ च्या प्राथमिक संचात सूत्रधार-पात्रांना धैर्यांक दिलेला आहे. कसोटीच्या प्रसंगी दोन फाशांची बेरीज त्याहून अधिक आली, तर ती पात्रे माघार घेतात किंवा शरण येतात. धैर्यांक ८ असल्यास ही शक्यता ३६ पैकी १०, म्हणजे सुमारे २८ टक्के. खेळाडू-पात्रांना ही कसोटी नाही. पळावे की लढावे हा निर्णय फाशांनी घेतला, तर खेळाडूकडे करण्याजोगे काहीच उरणार नाही. हा पक्षपात नसून खेळाचे प्रयोजनच होय.

रचनेतील भेदही सहसा अपाय करीत नाही. परंतु तो निर्णयात झिरपू लागला की अडचण उद्भवते. चौथ्या आवृत्तीत ‘मिनियन’ नावाचे दुय्यम शत्रू होते. त्यांचा प्राणांक एकच असे. कोणत्याही अचूक घावाने ते पडत. गर्दीची लढाई त्यामुळे वेगवान होई. पण अशा एखाद्या शत्रूस खेळाडूंनी ठार न करता मित्र म्हणून बरोबर घेतले, तर काय? काल लढाईत एका घावाने पडण्याजोगा असलेला हा धिप्पाड गडी उद्या जिन्यावरून पडल्यास मरेल काय, ह्याचे उत्तर त्या अंकातून मिळत नाही. तो अंक त्याच्या देहाचे वर्णन नव्हता. प्रसंगातील त्याच्या स्थानाचे वर्णन होता. प्रसंग बदलताच सूत्रधाराने तो अंकही बदलावयास हवा.

ह्यावरून खेळाडूची खरी मागणी स्पष्ट होते. शत्रूचे गणित आपल्यासारखेच केलेले असावे, असा त्याचा आग्रह क्वचितच असतो. दिसलेल्या लक्षणांवरून परिणामाचा अदमास बांधता यावा, एवढेच त्यास हवे असते. जड चिलखत घातलेला पहारेकरी घाव लागण्यास कठीण असावा. दरीत कोसळणे राजास आणि नायकास सारखेच घातक असावे. हा अदमास फसू लागला की विचारपूर्वक घेतलेला निर्णय आणि आंधळी उडी ह्यांत अंतर राहत नाही.

व्याकरणशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर सामान्य नियम हा उत्सर्ग आणि विशेष नियम हा अपवाद. अपवादाने उत्सर्गाचा बाध होतो. परंतु त्यासाठी अपवादाचे क्षेत्र निश्चित असावे लागते. सूत्रधार-पात्रांस द्यावयाच्या सवलतींनाही हीच अट लागू पडते. पात्राची घडण संक्षिप्त असण्यास प्रत्यवाय नाही आणि इच्छेचा अधिकार विषम असणे इष्टच आहे. मात्र एकाच जगात एकाच कृतीचे फळ कर्त्याच्या मालकावरून ठरू नये.