कचेरीतली दोन वर्षे आणि दुकानाची वही

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांत एक समज पक्का आहे. पोरगा थेट दुकानावर बसला तरच धंदा शिकतो, नोकरी म्हणजे वेळ फुकट! आमचा अनुभव थोडा निराळा आहे. उमेदीच्या काळात आम्ही एका माल पाठवणाऱ्या कचेरीत दोन वर्षे कारकुनी केली. पगार बेताचाच होता, पण तिथे जे शिकलो ते पुढे धंद्यात उपयोगी पडले.

पहिला धडा आवक-जावक वहीचा. आलेल्या प्रत्येक कागदावर त्याच दिवशी तारखेचा शिक्का पडे. सुरुवातीला आम्हाला हा खटाटोप वाटे. पुढे आमच्या मामूंच्या शिलाई कारखान्यात एका पार्टीचा चेक परत आला. बँकेची चिठ्ठी गल्ल्यात तशीच पडून राहिली. पार्टी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणत राहिली, आणि नोटिशीची व चेकची दोन्ही मुदती उलटून गेल्या. आज कायदा असा आहे : चेक तारखेपासून तीन महिने चालतो (हा नियम एप्रिल २०१२ पासूनचा). तो न वटल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस मिळतात. त्यात पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. आता सांगा, खबर कोणत्या तारखेला मिळाली हेच लिहिलेले नसेल तर दिवस मोजणार कुठून?

दुसरा धडा चलनाचा. माल पोहोचला की चलनाच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही, तारीख आणि शिक्का. त्याशिवाय आमचे साहेब बिल करू देत नसत. मामूंकडे चलने होती, पण सह्या नव्हत्या. शेवटी मध्यस्थ घालून निम्म्या रकमेवर समेट करावा लागला. २००६ च्या लघुउद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाल्यास व्याजासह. पण हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि त्याचा पुरावा म्हणजे ती सही. मात्र नुसत्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला हे संरक्षण नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा धडा बाकी कबुलीचा. दर मार्चअखेर आम्ही प्रत्येक पार्टीला "आमच्या वहीप्रमाणे आपल्याकडे इतकी बाकी आहे" असे पत्र धाडून त्यावर सही मागवत असू. विकलेल्या मालाच्या उधारीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून बाकी कबूल केली, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्या सहीपासून नवी मुदत सुरू होते. आपल्याकडे सही मागायला संकोच वाटतो. "घरचा माणूस आहे, कागद कशाला?" असे आपण म्हणतो. पण कागद असला तर घरच्या माणसाशी भांडण होत नाही, हेही तितकेच खरे.

मुलाला वर्षभर एखाद्या नीट चालणाऱ्या कचेरीत पाठवता आले तर जरूर पाठवावे. ते जमत नसेल, तर एक आवक-जावक वही, एक चलन बुक आणि एक फाईल आजच दुकानात आणावी. खर्च किरकोळ आहे. बुडणारी उधारी किरकोळ नसते.