वृद्धांची शुश्रूषा : एक शिकण्याजोगे काम

वृद्धांची शुश्रूषा शिकावी लागते, ही कल्पनाच आपल्याकडे अनेकांना चमत्कारिक वाटते. घरातील सून, मुलगी अथवा पत्नी हे काम पिढ्यान् पिढ्या करीत आली. तिला ते कोणी शिकविले नव्हते, आणि तिला ते येते किंवा नाही असे कोणी विचारलेही नव्हते. माया असली म्हणजे सेवा आपोआप जमते, असे मानण्याचा प्रघात होता. आता मात्र परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती आणि महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक व्यक्ती या वयोगटातील होती. आयुर्मान वाढले, कुटुंबे लहान झाली, खेड्यांतील तरुण मुले नोकरीधंद्यासाठी शहरांकडे गेली. अर्धांगवायूचा झटका आलेला वृद्ध औषधोपचारांमुळे आता वाचतो, पण पुढे कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून राहतो. सेवेची गरज असणारी माणसे वाढली, सेवेचा काळ लांबला, आणि ती करणारे घरातील हात मात्र कमी झाले.

शहरांत ही उणीव ‘ब्युरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाजगी संस्था भरून काढतात. तेथून बारा तासांच्या पाळीने येणाऱ्या मावशींवर किंवा वॉर्डबॉयवर घरातील वृद्ध व्यक्ती सोपविली जाते. त्या मावशी प्रामाणिक आहेत ना, याची चौकशी घरचे लोक कसून करतात. त्यांना रुग्णाला कूस कशी पालटावी हे ठाऊक आहे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. खेड्यांत तर ब्युरोही नसतो. तेथे हे काम घरातील एखाद्या स्त्रीवर, आणि कित्येकदा स्वतःच सत्तरी गाठलेल्या पत्नीवर येऊन पडते.

मायेने होणारी चूक

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणारी शय्याव्रणे, म्हणजे पाठीवरच्या जखमा, हे या संदर्भातील सर्वांत बोलके उदाहरण होय. माकडहाड, खुबे, टाचा अशा ठिकाणी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये त्वचा दबून राहते. तेथील बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि रक्तपुरवठा थांबतो. प्रथम तेथे लाली दिसते. सावळ्या त्वचेवर ती लाली न दिसता तेवढाच भाग अधिक काळसर, गरम किंवा कठीण लागतो. बोटाने दाबून सोडल्यावरही तो रंग फिका होत नसेल, तर धोका सुरू झाला असे समजावे. येथे लक्ष दिले नाही, तर पुढे फोड येतो, कातडी जाते, आणि अखेरीस हाडापर्यंत पोहोचणारी जखम होते. अशी जखम भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. कित्येक वृद्ध मूळ आजाराने न जाता या जखमेतील जंतुसंसर्गाने दगावतात.

अशा वेळी घरातील माणसे काय करतात? लाल झालेली जागा तेलाने किंवा स्पिरिटने चोळतात आणि बाजारातून मध्ये भोक असलेली हवेची गोल उशी आणतात. दोन्ही गोष्टी जिव्हाळ्यापोटी केल्या जातात आणि दोन्ही अपाय करतात. चोळल्याने आधीच दुखावलेल्या पेशी अधिक तुटतात. गोल उशीच्या कडेमुळे भोवतालचा रक्तपुरवठा आणखी रोखला जातो. शिकलेली व्यक्ती साधारणतः दर दोन तासांनी कूस पालटते, पाठीमागे उशी देऊन रुग्णाला किंचित तिरपे ठेवते, आणि पोटऱ्यांखाली उशी सारून टाचा अधांतरी राहतील असे पाहते. रुग्णाला वर सरकवावयाचे झाल्यास ती त्याला ओढत नाही. त्याच्या खाली आडवी घातलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला उचलले जाते. या सर्व गोष्टींना पैसा फारसा लागत नाही; त्या आधी कोणीतरी दाखवाव्या मात्र लागतात.

भरविण्याचेही तसेच आहे. आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने चहा किंवा पाणी घातले, तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा संभव असतो. रुग्णाला नीट बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, पहिला घास गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी त्याला आडवे करू नये. ज्याचे गिळणे अशक्त झाले आहे, त्याला पातळ चहा पुष्कळदा दाटसर पेजेपेक्षा अधिक त्रासदायक ठरतो, हे ऐकून घरच्यांना नवल वाटते.

मराठीतील ‘म्हातारचळ’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. आजोबा असंबद्ध बोलू लागले की हा शब्द सहज उच्चारला जातो आणि वयाचा परिणाम म्हणून विषय संपविला जातो. परंतु महिनोन् महिने हळूहळू वाढत जाणारा स्मृतिभ्रंश वेगळा, आणि काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारा माणूस आज सकाळी अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारामागे लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, किंवा नव्याने सुरू केलेले एखादे औषध असू शकते. वृद्धांमध्ये अशा वेळी ताप येईलच असे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखविले तर हा भ्रम बहुधा उतरतो. एका शब्दाखाली दोन्ही अवस्था झाकल्या जातात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

प्रशिक्षणाच्या सोयी

१९९९ च्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरणानंतर या विषयाकडे शासनाचे लक्ष अधिक वेधले गेले. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याने मुलांवरील निर्वाहाची जबाबदारी निश्चित केली. निर्वाहाची रक्कम न्यायाधिकरण ठरवू शकते. सेवेचे कौशल्य आदेशाने निर्माण होत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय समाजरक्षा संस्था वृद्धसेवेचे अभ्यासक्रम चालवीत आली आहे, तर आरोग्यसेवा क्षेत्र कौशल्य परिषदेने वृद्धसेवा सहायकाच्या कामासाठी कौशल्यांची मानके ठरविली आहेत. व्यवसाय म्हणून हे काम पत्करणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो.

घरातील सेवकांसाठी मात्र २०१०-११ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम अधिक महत्त्वाचा आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या घरी उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी भेट द्यावी आणि त्यांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांना ती कशी करावी हे शिकवावे, असे या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांतच नमूद आहे. पंचायत सदस्यांपैकी किती जणांना ही तरतूद माहीत आहे, हा प्रश्न वेगळा. लसीकरण किती झाले याची विचारणा ग्रामसभेत होते. गावात अंथरुणाला खिळलेले वृद्ध किती आणि त्यांच्या घरी या महिन्यात कोण गेले होते, ही विचारणा क्वचितच होते.

केरळमधील अनुभव या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशामक सेवेचे काम लहान प्रमाणावर सुरू झाले. २००८ मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात मोठा वाटा मिळाला. तेथे पंचायतीच्या योजनेतून प्रशिक्षित परिचारिका घरोघर जाते, शेजारपाजारचे स्वयंसेवक तिच्याबरोबर असतात, आणि जखम धुणे, कूस पालटणे हे घरच्या माणसांकडून तिच्या देखत करवून घेतले जाते.

हे देखत करवून घेणेच महत्त्वाचे. वृद्धसेवा व्याख्यानाने शिकविता येत नाही. प्रशिक्षणार्थींनी एकमेकांना उचलावे, एकमेकांना भरवावे, म्हणजे आडवे पडून पाणी पिताना कसे ठसकते हे स्वतःला कळते. उचलताना गुडघ्यांत वाकले नाही तर सेवकाचीच कंबर धरते, हेही तेव्हाच ध्यानात येते. काही आठवड्यांनी उजळणी झाली नाही, तर शिकलेले विसरले जाते.

असा वर्ग भरविण्यास लागणारे साहित्य म्हणजे एक खाट, दोन चादरी, चार उशा, एक खुर्ची आणि पाण्याची वाटी. सुट्टीच्या दिवशी शाळेची एक खोली त्यास पुरते आणि उपकेंद्राची परिचारिका शिकवू शकते. वेळ मात्र दुपारची ठेवावी लागेल, आणि तेवढे दोन तास त्या बाईच्या घरी वृद्ध व्यक्तीजवळ कोण बसणार, याची व्यवस्था आधी करावी लागेल.