नवी चेतक पाच महिन्यांत स्वस्त का झाली?

बजाजच्या आकुर्डी कारखान्याची जुनी चेतक 1972 मध्ये आली. त्या काळी खिशात पैसे असूनही स्कूटर मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. त्याच नावाच्या विजेवरच्या चेतकची नवी प्रीमियम आवृत्ती मार्च 2023 मध्ये सुमारे 1.52 लाखांना आली आणि ऑगस्टमध्ये 1.30 लाखांवर उतरली. दरम्यान जूनमध्ये केंद्राची सबसिडी घटली होती, म्हणजे भाव खरं तर वाढायला हवा होता. ‘गाडी खपत नसेल’ एवढंच म्हणून हे सुटत नाही.

कारखाना रिकामा ठेवता येत नाही

विजेवरची चेतक आधी चाकणला बनायची. जून 2022 मध्ये आकुर्डीत तिचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला, वर्षाला 5 लाख गाड्यांच्या क्षमतेचा. डाय, रोबो, टेस्टिंग यांवरचा खर्च शंभर गाड्या काढल्या तरी तेवढाच, लाख काढल्या तरी तेवढाच. गाड्या वाढल्या तरच तो प्रत्येक गाडीमागे हलका होतो, म्हणून भाव उतरवून खप वाढवावा लागतो.

स्पर्धा आणि बॅटरी

फेब्रुवारी 2024 मध्ये ओलाने एस1 एक्स प्लस ही विजेवरची स्कूटर सुमारे 1.10 लाखावरून 85 हजारांवर आणली. जूनमध्ये बजाजने चेतक 2901 आणली, 96 हजारांच्या आत. इथे मात्र नीट पाहायला हवं. बॅटरी 2.88 युनिटची (kWh) आणि रिव्हर्स, हिल होल्ड, स्पोर्ट मोड हवे असतील तर टेकपॅक या जादा पॅकेजचे पैसे वेगळे. जाहिरातीतला आकडा उतरतो, त्यातलं काही ऑन-रोड बिलात परत येतं.

खरी स्वस्ताई बॅटरीत आहे. जगभरातला बॅटरी पॅकचा सरासरी भाव 2023 मध्ये युनिटमागे 139 डॉलर होता, 2024 मध्ये 115. म्हणूनच डिसेंबर 2024 ची चेतक 3501 मोठी, 3.5 युनिटची बॅटरी घेऊन 1.27 लाखांना येऊ शकली.

पहिल्या गिऱ्हाईकाचं काय?

भाव लवकर उतरला की आधी घेणाऱ्याला वाईट वाटतंच. निन्टेन्डोने 3डीएस हा हातातला गेम कन्सोल मार्च 2011 मध्ये अमेरिकेत 250 डॉलरला आणला. समोर स्मार्टफोन उभे होते. ऑगस्टमध्येच तो 170 वर आला. पण ज्यांनी आधी पूर्ण पैसे मोजले होते, त्यांना कंपनीने 20 गेम फुकट दिले. विश्वास टाकून पहिली गाडी घेणाऱ्याचीही अशीच कदर व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कात्री कुठवर जाते

भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ‘कॉस्ट डाऊन’ हा शब्द काढून पाहा. गाडीचा भाव उतरला की पार्टचा दर घटवण्याची मागणी व्हेंडरकडे येते, आणि त्याच्याकडून पुढच्या छोट्या व्हेंडरकडे. दर घासाघीस करून ठरवा, पण लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत चुकतं करा. लहान उद्योगांसाठीचा 2006 चा कायदाच तसं सांगतो.