दहा मिनिटांच्या बातम्या

मोबाईलवर दिवसभर बातम्या येतात. तरी आज राज्यात, देशात काय घडले, हे मुलांना धड सांगता येत नाही. आकाशवाणी पुणे केंद्राचे सकाळचे प्रादेशिक बातमीपत्र मात्र १० मिनिटांत सारे सांगते. सुधा नरवणे यांच्या आवाजात ते ऐकत घरोघरी डबे भरले गेले. आधी ठळक बातम्या, मग तपशील, शेवटी पुन्हा ठळक बातम्या. आरडाओरडा नाही.

मोहोपाड्यासारख्या कारखान्यांलगतच्या गावात वायुगळतीच्या नुसत्या अफवेनेही धावपळ उडते. म्हणून "कोणी सांगितले? कधीचे आहे?" हे दोन प्रश्न मुलांना शिकवा. 'न्यूज ऑन एअर' ॲपवर बातमीपत्र सर्वांनी मिळून ऐका आणि मुलांकडून तीन बातम्या वहीत लिहून घ्या. फॉरवर्ड करण्याची घाई नको.